चौतीस भागांची चूक

साल १९९७, जानेवारी महिना. ती डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढायची. त्या दिवशी समोरच्या खुर्चीत एक उंच माणूस येऊन बसला, लिफ्ट दुरुस्त करणारा. तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळही त्याने घडाघडा वाचून दाखवली.

"डोळे तर ठणठणीत आहेत," ती म्हणाली. "मग तक्रार काय?"

"पडद्यावरची अक्षरं… तासाभराने पोहायला लागतात."

"कसला पडदा?"

तो घुटमळला. मग त्याने सांगून टाकलं. एक जुनी जपानी ॲनिमे मालिका होती, ढगांतलं दीपगृह सांभाळणाऱ्या मुलीची, एकशे चार भागांची. चौघांनी मिळून निव्वळ हौसेखातर तिला पडद्याच्या तळाशी आपल्या भाषेतल्या भाषांतराच्या ओळी द्यायला घेतल्या, त्याला पाच वर्षं झाली. एक गडी कंटाळून गळला. सत्तर भाग झाले आणि भाषांतर करणारी मैत्रीणही नोकरीसाठी परगावी गेली. उरले तो आणि तपासणारे निवृत्त मास्तर. आता तो एकटाच शब्दकोश घेऊन झगडत होता.

"मला येतं जपानी," ती म्हणाली, आणि मग तिचं तिलाच नवल वाटलं. हौसेने चार वर्षं शिकलेली भाषा नुसती पडून होती.

तो तिच्याकडे बघतच राहिला. "मग चष्मा नको मला," तो म्हणाला.

दर रविवारी सकाळी दहाला ती त्याच्या खोलीवर जाऊ लागली. खिडकीशी संगणक, दोन खुर्च्या, तिसरीवर कॅसेटींचा ढीग. ती ओळ लिहायची, मोठ्याने वाचून बघायची. तो कळ दाबून ती ओळ पडद्यावर आणायचा, बोट उचलून घालवायचा. पंधरा दिवसांत एक भाग.

"कार्टून बघायला एवढं नटून?" घरातून निघताना वहिनी दारातच अडवायची.

"वहिनी, ॲनिमे म्हणतात त्याला."

"त्याला काय म्हणतात ते कळलं. तुला काय म्हणायचं ते सांग."

ती नुसती हसायची. सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं… चहाचा कप हातात देताना तो जरा जास्तच सांभाळून द्यायचा, एवढंच.

सोळा महिन्यांनी शेवटचा भाग संपला. त्याच आठवड्यात तिच्या हातात बदलीचं पत्र पडलं: दुसऱ्या शहरातला मोठा दवाखाना, वरची जागा. उत्तर पुढच्या सोमवारी द्यायचं होतं. तिने त्याला सांगितलं आणि श्वास रोखून वाट पाहिली.

"चांगली संधी आहे," तो खाली बघत म्हणाला.

झालं. ती घरी आली आणि कपाटावरची बॅग खाली काढली.

त्या गटाचा एक नियम होता. मास्तरांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी मालिका सलग पाहिल्याशिवाय एकही कॅसेट बाहेर द्यायची नाही. तोवर ते फक्त कागदावरचं भाषांतर तपासत. रविवारी ती नेहमीसारखी त्याच्या खोलीवर असताना ते वही घेऊन आले, कपाळाला आठ्या घालून.

"सत्तर भाग सुरेख. पात्राचं बोलणं संपलं की ओळ गेली. एकाहत्तरपासून काय झालं? ती मुलगी बोलून, दिवा लावून जिना उतरते, तरी ओळ आपली ठाण मांडून बसलेली. चौतीसच्या चौतीस भागांत."

तो उगाच कॅसेटींचा ढीग सरळ करू लागला.

"अरे, वेळ पडद्यावरच्या तोंडाकडे बघून लावायची असते. तू कोणाच्या तोंडाकडे बघत होतास?"

त्याचे कान लाल झाले. "ही वाचायची…" तो अडखळला. "सावकाश वाचते ही. हिचं वाचून होईपर्यंत माझं बोट… उचललंच जायचं नाही."

मास्तरांनी वही मिटली. "मी जरा कोपऱ्यावरून पाय मोकळे करून येतो," म्हणत ते चपला शोधू लागले.

दार लागलं.

"आणि मला म्हणालात, चांगली संधी आहे," ती म्हणाली.

"आहेच ना. माझ्यासाठी तुम्ही ती का सोडावी?"

"ते मी ठरवीन. तुम्हाला काय वाटतं, ते विचारतेय."

त्याने खिडकीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तुम्ही जाऊ नये असं वाटतं. पहिल्या रविवारपासून वाटतं."

"मग एवढे रविवार काय करत होतात?"

"सांगितलं ना मास्तरांनी…"

तिला हसू आवरेना. सोमवारी तिने नकार कळवला.

त्या चौतीस भागांना दोघांनी हात लावला नाही. मास्तर आधी कुरकुरले, मग तेच म्हणाले, राहू दे, म्हाताऱ्या माणसांना वाचायला बरं पडतं. ते २०११ साली गेले. शेवटपर्यंत पहिल्या सत्तर भागांचीच तारीफ करत. आधीची भाषांतर करणारी मैत्रीण परगावीच रमली. नव्वदावा भाग पाहून तिने लिहिलं, याहून बरं मलाही जमलं नसतं. वहिनीने मालिका दोनदा पाहिली आणि दोन्ही वेळा डोळ्यांत काहीतरी गेल्याचं सांगितलं. गळलेला गडी आता, मी पायाभरणीला होतो, असं सांगत फिरतो.

आणि या दोघांनी लग्नानंतर महिनाभरातच दुसरी मालिका घेतली. मुद्दाम लांबलचक बघून घेतली, चारशे सहा भागांची. सध्या तीनशे नव्वदावा चालू आहे, आणि पुढची कोणती घ्यायची यावरून रोज भांडण.