साडीगार्डाखालचा रंग

पाना देतो, आधी बस. दुपारी गाडी घरी आली, तुझ्या आईनं हळदकुंकू लावून नारळ फोडला, आणि रात्री साडेनऊला भाचेसाहेब पाना मागायला मामाच्या दारात. कशाला, तर साडीगार्ड काढायचं. "मामा, लई गावठी दिसतं ते." तुझे हे दोन दोस्तही हसतायत. हसा. तीस वर्षं बातमीदारी केली मी. भुतांवर माझा विश्वास नाही, आणि जुन्या गाड्या विकणाऱ्यांवर तर त्याहून नाही. तेवढं ध्यानात ठेवून ऐका.

सांडू आमच्या पेपरात नवा लागलेला. वय एकवीस, करमाडच्या पुढच्या एका वाडीतला. संपादकांनी त्याला गुन्ह्यांच्या बातम्यांवर घेतलं आणि अट घातली, महिन्याभरात स्वतःची गाडी पाहिजे. तोवर त्यानं चालवली होती ती चुलत्याची लुना. गियरची गाडी आयुष्यात पहिल्यांदाच घ्यायची, म्हणून मला म्हणाला, "सर, तुम्ही चला." मी मुकुंदवाडीच्या फारूख मेकॅनिकला बरोबर घेतलं. शनिवार होता. शहागंजच्या मागच्या एका गल्लीत गेलो. दुकान आता बंद आहे, मालकाचं नाव सांगत नाही.

फारूखनं पोराला आधी समजावलं. "देखो सांडूभाई, पहिली गाडी शान की नहीं, हाथ बैठने की होती. बैठ के देखो. दोनों पाव पूरे जमीन को लगे तो तुम्हारी. टाच उठी, तो किसी और की."

सांडू ऐकत होता, पण डोळे एका लाल गाडीवर. दीडशे सीसी, फुगीर टाकी. बसला तर टाचा अधांतरी. मी शंभर सीसीची एक साधी गाडी दाखवली, त्यानं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. फारूखनं लाल गाडीच्या इंजिनावर तळहात ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. "गरम है, साब."

गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवायचं, म्हणजे पहिल्या किकला गाडी चालू होते. पहिला संशय तिथं आला.

मालक म्हणाला, "एकट्या पोरानं वापरलेली गाडी आहे, सायेब. मागच्या सीटवर कधी कोणी बसलंच नाही."

मी वाकून मागचे फुटरेस्ट पाहिले. उजव्याचं रबर कोरं करकरीत. डाव्याचं घासून पार गुळगुळीत झालेलं.

"मागं कोणी बसलं नाही, तर हा डावा पाय कोणाचा?" मी विचारलं. दोन्ही पाय डावीकडं सोडून, एका अंगानं कोण बसतं? आपल्याकडं बाई बसते.

तो हसला. "पेपरवाल्यांना सगळीकडं बातमीच दिसते."

आरसीवर रंग लिहिलेला निळा. विचारलं तर म्हणे, लाल लवकर खपतो, म्हणून बदलला. डाव्या बाजूला साडीगार्ड नव्हतं. त्याची वरची पट्टी मागच्या पॅनलला जिथं टेकते, तिथं मी मुद्दाम बोट फिरवलं. पट्टीखालचा जुना रंग कुठं राहिलाय का, ते बघत होतो. नव्हता. सलग लाल. हे नीट लक्षात ठेवा, मी बोट फिरवलं होतं.

"सांडू, ही नको," मी म्हणालो.

"सर, संशय घ्यायचा तुम्हाला पगार मिळतो. मला गाडी पाहिजे."

घेतली त्यानं. निदान साडीगार्ड बसवून घे, असं मी त्याला बजावलं, कारण गुरुवारी सकाळी आठला त्याच्या आईचं, आवडाबाईंचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि तो तिला त्याच गाडीवरून आणणार होता. हो हो म्हणाला. बसवलं नाही. कोणीच बसवत नाही. कायद्यानं लागतं म्हणून कंपनी देते, आणि घरी आल्यावर पोरं पहिलं तेच काढतात. मागं आई बसणार, बायको बसणार, पदर चाकाच्या बाजूला, आणि या शहाण्यांना चाक उघडं दिसायला पाहिजे. दुकानदार काढून देतो, गॅरेजवाला काढून देतो, चौकातला पोलीस बघून न बघितल्यासारखं करतो. बाई पडली, की सगळे म्हणतात तोल गेला.

असो.

बुधवार, १९ डिसेंबर २०१२. अमावास्या नव्हती, उगाच वाट बघू नका. शेवटची आवृत्ती सोडून सांडू निघाला तेव्हा बारा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. मी फाटकापर्यंत गेलो होतो. गाडीचा डावा फुटरेस्ट उघडा होता. त्यानं बुटानं दाबून मिटवला.

"चार दिवस असंच करतंय, सर. स्प्रिंग ढिली असंल."

पुढचं मी पाहिलेलं नाही. त्यानं सांगितलेलं आहे. तीन वेगवेगळ्या दिवशी मी त्याला ते उलटसुलट विचारलं, खोटं बोलणाऱ्याला विचारतात तसं. एक शब्द बदलला नाही.

मुकुंदवाडी गेली. विमानतळ गेलं. केंब्रिज चौकापर्यंत ट्रक होते, पुढं रस्ता मोकळा झाला. थंडी मरणाची. आणि कुंभेफळच्या अलीकडं गाडीचा उजेड रस्त्यावरून उचलला गेला. बाभळीच्या शेंड्यांवर पडायला लागला. दिवा ढिला झाला असेल, म्हणून त्यानं गाडी थांबवली. उजेड खाली आला. गाडी पुढं काढली. उजेड पुन्हा वर.

मागं कोणी बसलं की असं होतं. मागचा भाग दबतो, पुढचा दिवा वर बघतो. हे लुना चालवणाऱ्यालाही कळतं.

त्यानं थांबून मागं पाहिलं. सीट रिकामी. डावा फुटरेस्ट उघडा.

मिटवला. टूलकिटमधली तार काढून बांधला. चार पीळ दिले, मोजून.

निघाला.

पन्नासवर काटा गेला आणि उजव्या खांद्यावर वजन आलं. जोराचं नाही. तोल सांभाळायला ठेवतात, तेवढंच...

त्यानं वेग कमी केला. वजन हलकं झालं.

वाढवला. पुन्हा आलं.

मागं चाकापाशी टक्... टक्... काचेचं काहीतरी लोखंडाला लागावं तसं.

"कोण आहे?" त्यानं विचारलं.

त्यानं मान वळवली नाही. बावीस किलोमीटर. तिसावर. दुसऱ्या गियरवर. रडत होता म्हणाला, पण ते आधी सांगितलं नव्हतं, तिसऱ्या वेळी सांगितलं.

दोन वाजून दहा मिनिटांनी वाडीत पोचला. गाडी दारात लावली. तार तुटून लोंबत होती. फुटरेस्ट उघडा. त्याच्याकडं न बघता घरात गेला, आणि आईला काही बोलला नाही. सकाळी गाडी न्यायचीच नाही, असं त्यानं रात्रभर ठरवलं. पण पहाटे एसटी आलीच नाही, आणि आठचं ऑपरेशन हुकलं तर पुढची तारीख दोन महिन्यांनी होती. म्हातारीला डाव्या डोळ्यानं दिसणं बंदच झालं होतं.

पावणेसहाला अंधारातच आवडाबाई मागं बसल्या. एका अंगानं.

"आई, पदर सावर नीट."

"सावरलाय की. आन् सुटला तरी ही जाळी हाय ना. लई बेस केलंस बाबा, बसवून घेतलीस."

"कंची जाळी?"

"ही काय. पायाशी."

सांडू खाली वाकला. साडीगार्ड होतं. गंजलेलं, दोन्ही नटांवर धूळ आणि तेलाचा थर, जागच्या जागी.

तो तसाच उभा राहिला, आणि आई म्हणाली, "आता निघतुस का हितंच उजाडवतुस?"

निघाला. म्हातारीचा पदर वाटेत सुटलाच. त्या डोळ्यानं दिसत नव्हतं तिला, कळलं नाही. दवाखान्यात उतरल्यावर पाहिलं, तर पदराचं टोक गंजानं तांबडं झालेलं. वाटभर जाळीला घासत आलं होतं.

मी चौकशी केली. पहिला संशय फारूखवर. तो म्हणाला, "साब, मैं रात में तीस किलोमीटर जा के फुकट में जाळी बिठाऊंगा? पागल समझे क्या?" दुकानमालकानं फोन आपटला. वाडीत गॅरेजच नाही. मग मी आमच्याच पेपरची जुनी फाईल काढली. मार्च २०११, पान पाच, तळाला तीन ओळी. कुंभेफळजवळ निळ्या दुचाकीवरून तोल जाऊन पडल्यानं विवाहितेचा मृत्यू.

बातमी माझी होती. मीच लिहिलेली. तोल का गेला, हे मी विचारलं नव्हतं. गाडीचा नंबर लिहिला नव्हता. बाईचं नाव लिहिलं नव्हतं. त्यामुळं ती हीच गाडी, असा पुरावा माझ्याकडं नाही आणि मी तसं म्हणणारही नाही. दुसऱ्यांना बोलतो, म्हणून हेही सांगतो.

पाना त्या खिडकीत आहे, घे. पण शेवटचं ऐकून जा.

रविवारी मी सांडूला आणि गाडीला फारूखकडं नेलं. म्हटलं, हे साडीगार्ड खोल, कोणी बसवलं ते खुणांवरून कळेल. नट हलेनात. डिझेल सोडलं, हातोडी मारली, पाऊण तास गेला. "ये दो-तीन साल में खुलाच नहीं है, साब," फारूख पुटपुटला. मी म्हणालो, आठ दिवसांपूर्वी इथं काहीच नव्हतं, तूही होतास. त्यानं पुन्हा पाना लावला.

शेवटी नट सुटला. पट्टी पॅनलवरून उचलली.

मी बोट फिरवलं होतं ना, तीच जागा. अंगठ्याएवढी.

फारूखनं फडकं लावून पुसली. पुन्हा पुसली.

निळी होती.