पान सातवरचं वाक्य

मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी एक वकील तीन जिने चढून पाक्षिकाच्या कचेरीत आला आणि तिथल्या धाकट्या मुद्रितशोधक बाईंच्या टेबलासमोर बसला. खरं तर पान सातची तपासणी ज्येष्ठ मुद्रितशोधक करायचे. त्या दिवशी दाढ दुखते म्हणून ते घरी होते.

"तुम्हीच वाचणार का?" त्याने विचारलं.

"बसलाच आहात, तर आता मीच."

पाक्षिक बावन्न वर्षांचं. जुन्या विचारांचं, असं विरोधक म्हणत, आणि पाक्षिकाला ते बिनतक्रार मान्य होतं. नवा कायदा आला की 'घाई कशाला?' हा त्याचा पहिला प्रश्न. मंत्री ते टेबलावर ठेवून वाचत, त्यांचे विरोधक ड्रॉवरमध्ये ठेवून. आपल्या नाटकावर त्यात टीका आली नाही, तर नाटकवाले हिरमुसत. पण त्याची खरी ऐट पान सातवर होती. ते पान दर अंकात विरोधकाचं. त्यातला एक शब्दही कापायचा नाही. लेखकाने स्वतः यायचं आणि मुद्रितशोधकाने विरामचिन्हांसकट सगळा मजकूर त्याला मोठ्याने वाचून दाखवायचा. आपल्यावरची टीका आपल्याच तोंडून बाहेर पडली की त्यातली खरी किती ते कळतं, असं संस्थापक म्हणत.

"हे पाक्षिक म्हणजे समाजाच्या गाडीचा नुसता ब्रेक आहे, पूर्णविराम," ती वाचू लागली. मग मान वर न करता म्हणाली, "बिनब्रेकच्या गाडीत बसता का तुम्ही?"

"हे लेखात आहे?"

"नाही. हे माझं."

तो हसला. पंख्याच्या वाऱ्याने कागद उडाला, दोघांनी एकदमच त्यावर हात ठेवला... आणि दोघांनी एकदमच काढून घेतला. कागद उडून टेबलाखाली गेला तो गेलाच.

पुढच्या आठ महिन्यांत तो आणखी पाच वेळा आला. ज्येष्ठांची दाढ केव्हाच बरी झाली होती, पण पान सात तिच्याच टेबलावर राहिलं. त्याबद्दल कुणी काही विचारलं नाही. मजकूर टाइप करणारे ऑपरेटर काका तेवढे चष्म्यावरून बघत.

"तुमचा आवाज चांगला आहे," एकदा तो म्हणाला. "माझीच टीका मला जरा सौम्य वाटायला लागते."

"मग कडक लिहा की. आम्ही कुठे नको म्हणतोय?"

"तुम्हाला राग नाही येत?"

"येतो ना. म्हणून तर सावकाश वाचते."

तिसऱ्या खेपेला त्याने लिहिलं होतं की या पाक्षिकाने विरोधकांसाठी कधी काही पणाला लावलं नाही. तिने ते वाक्य स्वल्पविरामासकट वाचलं, उठली, आणि कपाटातून एक जुना बांधीव खंड काढून त्याच्यापुढे ठेवला. ज्या वर्षी सरकारने त्याच्याच आवडत्या दैनिकाच्या संपादकाला तुरुंगात टाकलं होतं, त्या वर्षीचा. त्या संपादकाचा तुरुंगातून आलेला लेख छापायला कुणी तयार नव्हतं. तो इथे पान सातवर होता, पुरा. लेखाच्या पहिल्याच ओळीत या पाक्षिकाला झोडपलं होतं. महिन्याभरात सरकारी जाहिराती बंद झाल्या होत्या.

वकिलाने तो लेख उभ्याउभ्याच वाचला. मग खिशातून पेन काढून स्वतःचं वाक्य खोडलं.

"तुम्ही मला आधीच सांगू शकला असता," तो हळूच म्हणाला.

"मग मजा गेली असती."

त्या संध्याकाळी जिना उतरताना तिची मान उगाचच ताठ होती. पाक्षिकाचा अभिमान किती आणि दुसरं काय किती... तिने हिशेब केला नाही.

सहाव्या खेपेचा लेख सगळ्यांत महत्त्वाचा होता. कामगारांच्या कामाच्या तासांचं विधेयक सोमवारी मतदानाला येणार होतं. पाक्षिक विधेयकाच्या विरोधात, वकील बाजूने. ज्या दहा-बारा प्रतिनिधींचं मत ठरत नव्हतं, ते या पाक्षिकाखेरीज दुसरं काही वाचत नसत. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता ती प्रूफ वाचायला लागली; सहाला पानं प्रेसला जायची होती. लेख उत्तम होता. तिला एकही मुद्दा पटला नाही आणि एकही खोडता आला नाही. शेवटच्या परिच्छेदापाशी ती नेहमीच्याच सुरात म्हणाली, "या पाक्षिकाशी माझं कधी पटणार नाही, स्वल्पविराम, पण ते वाचून दाखवणाऱ्या बाईंशी मात्र मला जन्मभर भांडायचं आहे, पूर्ण—"

ती थांबली. पलीकडे ऑपरेटर काकांना एकाएकी फार काम आलं.

"काका, तुम्ही हे टाइप केलंत?"

"पान सातचं आहे, पोरी. एक शब्द कापायचा नाही."

"वकीलसाहेब, हे काढा."

"उत्तर मिळाल्यावर," तो म्हणाला. त्याचे कान मात्र लाल झाले होते.

आता दुसरा नियम आडवा आला. कचेरीतल्या कुणाच्याही नात्यातल्या माणसाचं लिखाण छापायचं नाही. हाही संस्थापकांचाच. ती प्रूफ घेऊन संपादकांकडे गेली. त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांनी शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

"एकतर्फी असेल तर माझी हरकत नाही," ते म्हणाले. "छापू. लोक हसतील, हसू देत. दोन्हीकडून असेल, तर लेख परत. बोल, काय आहे?"

वकील मागोमाग दारात येऊन उभा होता. "मी ते वाक्य खोडतो, अण्णा," तो घाईने म्हणाला. "माझा मूर्खपणा झाला. लेख जाऊ द्या."

"तुम्ही खोडलंत तरी मी वाचलंय," ती म्हणाली. "आता माहीत असून दडवायचं... आणि ते पान सातवर? तसं करायचं असेल तर ते पान बंदच करा, अण्णा."

"म्हणजे?"

"म्हणजे दोन्हीकडून आहे." हे तिने वकिलाकडे न बघता सांगितलं. मग बघितलं. "आणि तरी लेख गेला पाहिजे. त्यातलं अक्षरही मला पटत नाही, तरी गेला पाहिजे."

अण्णांनी घड्याळाकडे पाहिलं. "बावन्न वर्षं आपण घाई कशाला म्हणत आलो," ते म्हणाले, "आणि तुम्ही मला पाऊण तास देताय." त्यांनी दोघांना बाहेर जायला सांगून दार लावून घेतलं.

बाहेरच्या बाकावर दोघं बसली. मध्ये एका माणसाची जागा होती. थोड्या वेळाने ती उरली नाही.

"सोमवारी हरलात तर?" तिने विचारलं.

"मंगळवारी तुमच्याशी भांडीन."

"आणि जिंकलात तर?"

"मग तुम्ही भांडाल."

प्रेसचा फोन दोनदा येऊन गेला. सहाला दहा कमी असताना अण्णांनी ऑपरेटर काकांना आत बोलावलं. काका बाहेर आले ते थेट मशीनपाशी बसले. पान सात पडद्यावर घेतलं आणि अण्णांनी लिहून दिलेल्या दोन ओळी टाइप केल्या. त्या लेखाखाली नात्याचा खुलासा म्हणून जायच्या की लेखाच्या जागी दिलगिरी म्हणून, ते काकांनी सांगितलं नाही. सहा वाजता पानं प्रेसला गेली.