काढेकाका आणि उलटा बाण

मंगळावरची धूळ भारी आगाऊ. झाकण घट्ट लावलेल्या बरणीतलं लोणचंसुद्धा माणसाआधी तीच चाखते! अशा त्या मुलखात, शेंदूरवाडी नावाच्या काचघुमटाखालच्या वसाहतीत खोकल्याची साथ आली आणि काही केल्या हटेना.

खोकला येतो कुठून? केतकीने शोधायचा विडा उचलला. पडद्यावर वसाहतीचा नकाशा घेऊन तिने खोकल्याच्या प्रत्येक घरावर लाल ठिपका दिला. बघते तर काय, जिथे ठिपके दाट, तिथेच काढेकाकांच्या फेऱ्या जास्त! काढेकाका म्हणजे आल्याचा काढा वाटत हिंडणारा, किटलीच्या पोटाचा यंत्रमानव. केतकीला पाढे शिकवले तेही त्यांनीच.

तरी तिने भर सभेत नकाशा दाखवला. "साथ पसरवतात ते काढेकाकाच!"

नकाशा रंगीत असला की मोठी माणसंही पटकन माना डोलावतात. काढेकाकांची स्मृती पुसली गेली, त्यांना कोठारात उभं केलं.

खोकला मात्र वाढतच गेला.

वसाहतीची डॉक्टर, केतकीची सुलूमावशी, दुसऱ्या घुमटातून परतली. नकाशा बघून तिने केतकीला समोर बसवलं.

"अगं शहाणे, दोन गोष्टी एकत्र दिसल्या, तर तो झाला सहसंबंध (बरोबरीने वाढणं-घटणं). एक दुसरीचं कारण आहे, हे कुठे ठरलं? पंगत तिथे वाढपी. म्हणून लोकांना भूक काय वाढप्याने लावली?"

"मग कळणार कसं?"

"आधी काय घडलं ते बघ. प्रत्येक ठिपक्याला त्याची वेळ दे."

केतकीने वेळा भरल्या आणि नकाशा चालू केला. आधी घरात खोकला उठायचा, मग तो ऐकून काढेकाका धावायचे. दर वेळी! कारणाकडून परिणामाकडे जाणाऱ्या बाणाचं टोक तिने उलटं धरलं होतं.

"मावशी, मी त्यांनाच गं..." तिला रडू फुटलं.

मावशीने तिला जवळ घेतलं. डोळे पुसून केतकीने पुन्हा नकाशा पाहिला. सगळ्यात आधीचे ठिपके हवेच्या एकाच नळीलगत होते. "नळीची जाळी फाटलीय!"

"फाटली असेल, म्हण. उघडून बघू, मग बोलू."

धूळ अडवणारी ती जाळी खरंच फाटलेली होती. ती बदलली, आणि साथ हळूहळू ओसरली.

केतकी कोठारात गेली. तिने कळ दाबताच काढेकाका घरघरले.

"नमस्कार. आपलं नाव?"

"केतकी."

"खोकला आहे का?"

"नाही. पण थोडा काढा द्याल?"

"मग काढा कशाला?"

"असाच," केतकीने पेला पुढे केला. "बसा ना काका. ओळख करून घेऊ."