बांधावरची अंडी

“पाय टेकवू नका! आहात तसेच उभे राहा!”

आवाज इतका करडा होता की शौनकने उचललेला डावा पाय हवेतच ठेवला. डोक्यावर एक टिटवी ओरडत झेपा घेत होती. समोरच्या शेडनेटखालून एक मुलगी हातातली झारी टाकून धावत येत होती, आणि दोघींमध्ये जास्त चिडलेली कोण, हे सांगणं कठीण होतं.

“मोबाईलमध्ये बघत चालायचं तर कॉलनीत चाला ना! माळावर कशाला येता?”

“मोबाईल नाही… पुस्तक आहे,” एका पायावर डुलत शौनक म्हणाला.

“मग? पुस्तक वाचणाऱ्याच्या पायाखाली अंडं फुटत नाही का?”

त्याने खाली पाहिलं. बुटाला लागून एक उथळ खळगा होता. त्यात टोकं आत वळवून ठेवलेली चार अंडी… मातकट रंगाची, काळ्या ठिपक्यांची. आजूबाजूच्या खड्यांत ती सांगितल्याशिवाय दिसलीच नसती.

“आता मागे या. हळू… तिकडून नाही हो! उजवीकडून!”

तो उजवीकडून मागे सरकला, तोल गेला आणि गोखरूच्या काट्यांवर बसला. मुलीने झटकन तोंड फिरवलं.

“हसलात तुम्ही,” तो म्हणाला.

“नाही. दात आवळले.”

तिचं नाव पूजा. केडगावातल्या शेवटच्या कॉलनीच्या पलीकडे, जिथे माळ सुरू होतो, तिथे तिच्या वडिलांची, सहादेवांची, जमीन होती. शेवंतीची शेती, आणि रस्त्याकडेला छोटीशी नर्सरी. ती पूजाच चालवायची. शौनक कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवायचा, गच्चीवर चार टोमॅटो आणि एक रुसलेली जास्वंद वाढवायचा, आणि वर्गाबाहेर कुणाशी बोलायची वेळ आली की त्याला घाम फुटायचा.

दुसऱ्या दिवशी तो पुस्तक घरी ठेवून आला.

नर्सरीच्या लिंबाखाली रोज सकाळी फिरायला येणाऱ्यांचा अड्डा बसायचा. सगळे बागवेडे. पुष्पावतीकाकूंच्या अंगणात गुलाब होते, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेल्या श्रीमंतरावांच्या गच्चीवर मिरच्या होत्या, आणि दोघांच्याही तोंडात एकमेकांसाठी भरपूर तिखट होतं.

“काल रात्रभर पान हललं नाही,” काकू म्हणाल्या. “मे अजून पुढेच आहे. माझे गुलाब उभ्याउभ्या वाळतायत.”

“तुम्ही त्यांच्याशी बोलता ना रोज? म्हणून वाळतायत.”

“आणि तुमच्या मिरच्या, श्रीमंतराव?”

“मोराने नेल्या. तीन कुंड्या उपटल्या मेल्याने. वर कठड्यावर उभा राहून केकाटला, जणू मीच त्याच्या घरात शिरलोय!”

“तुमचं ओरडणं त्याला एसटीचा हॉर्न वाटलं असेल.”

हसण्याच्या त्या गलक्यात शौनक गप्प असायचा. पण त्याचं लक्ष असायचं. पूजा रोपांना पाणी घालताना आधी हाताचा पंजा झारीखाली धरते, पाणी तापलेलं नाही ना बघते… मग घालते. सातभाईंचा थवा कलकलत आला की तिचे ओठ किंचित हलतात, तीही त्यांच्याशी भांडत असल्यासारखे. आणि टिटवीच्या खळग्याकडे दर थोड्या वेळाने तिची मान वळते.

“टिटवी सारखी उठून कुठे जाते?” त्याने एकदा विचारलं.

“हौदावर. पोट भिजवून येते आणि ओल्या पिसांनी अंडी गार करते. बघा… आली.”

टिटवी तुरुतुरु धावत आली, थांबली, इकडेतिकडे पाहून अलगद खाली बसली. दोघे श्वास रोखून उभे होते. पूजाच्या ओढणीचं टोक वाऱ्याने त्याच्या मनगटावर येऊन बसलं. त्याने हात हलवला नाही.

“सर,” ती पुढे बघतच म्हणाली, “तुमच्या जास्वंदीला पिठ्या ढेकूण झालाय म्हणालात. पान आणणार होतात दाखवायला.”

“विसरलो.”

“पाच दिवस रोज विसरताय.”

“आणलं तर… उद्या काय निमित्ताने येऊ?”

तिने रागाने त्याच्याकडे पाहिलं. निदान सुरुवात रागाने केली. मग कान लाल झाले आणि ती रिकाम्या कुंड्या उगाचच इकडून तिकडे लावू लागली.

हे असं छान चाललं होतं, तोवर एका सकाळी सहादेव लिंबाखाली येऊन टेकले.

“टिटवीनं अंडी घातली म्हनं खळग्यात?”

“हो,” पूजा म्हणाली.

“मंग यंदा पाऊस न्हाई. उंच्यावर घातली असती, बांधावर, तर पानी लई. खळग्यात म्हंजी दुष्काळ. माझ्या बापानं तसंच बघितलं, मीबी तसंच बघतोय. उद्या येऊन सोता बघतो, आन् खरंच खळग्यात असली तर शेवंती लावायची न्हाई. जमीन वाट्यानं द्यायची, ही नर्सरी बंद. अमृत बोलावतोयच पूजाला चाकनला. भावाजवळ ऱ्हाईल, कंपनीत लावून देतो म्हनतोय.”

एवढं बोलून ते उठले. ट्रेमधली शेवंतीची रोपं मुळं धरून लागवडीची वाट बघत होती. पूजा त्या रोपांकडे बघत राहिली. तिचं गप्प राहणं शौनकने कधी पाहिलं नव्हतं. त्याला ते सोसवेना.

त्या दिवशी त्याने वर्गात फळ्यावर एकच उदाहरण दोनदा सोडवलं. घरी जेवायला बसला, उठला. दुपारी चारच्या सुमारास, जेव्हा केडगावात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, तो माळावर गेला. पूजा घरी गेली असणार, हे त्याला ठाऊक होतं. टिटवी हौदाकडे धावताच त्याने खळग्यातली चारही अंडी रुमालात घेतली आणि उंच बांधावर नेऊन ठेवली. तशीच… टोकं आत वळवून.

टिटवी परत आली. बांधाकडे तिने पाहिलंही नाही. आपल्या रिकाम्या खळग्यावर ती ओलं पोट टेकवून बसली. उठली. खाली पाहिलं. पुन्हा बसली.

“तिकडे नाही… इकडे,” शौनक हात पसरून कुजबुजत होता. “वर आहेत बघ. ये ना… ये.”

“काय चाललंय?”

पूजा मागे उभी होती.

तिने खळगा पाहिला. बांध पाहिला. तिला सगळं कळायला एक क्षण लागला, आणि मग ती बांधाकडे धावली. अंडी तापली होती. तिने ओढणीचं टोक हौदात बुडवलं, पिळलं, त्यात अंडी एकेक करून गुंडाळली आणि खळग्यात जशी होती तशी ठेवून मागे सरली. टिटवी ओरडत घिरट्या घालत होती. बऱ्याच वेळाने ती उतरली आणि बसली.

मग पूजा वळली.

“अक्कल गहाण टाकली का तुमी? ह्या उन्हात?”

“तुमचे वडील उद्या बघायला येणार होते… मला वाटलं, अंडी उंचावर दिसली तर ते लागवड करतील, आणि तुम्ही…”

“आणि मी काय?”

“तुम्ही जाणार नाही.”

“म्हणजे माझ्यासाठी केलंत? माझ्या नावावर त्या पाखराची पिल्लं भाजून काढणार होतात?” तिचा आवाज फाटला. “आमचे आबा माझा निर्णय टिटवीवर टाकतात. तुम्ही टिटवीलाच खोटं बोलायला लावता. त्या पाखराला सगळ्यांनी विचारलं, सर. मला कुणी विचारलं का? की पूजा, तुझ्या मनात काय हाय?”

त्याने हातातला रुमाल चुरगाळला.

“जा आता. माझ्या डोळ्यांसमोर थांबू नका.”

तो गेला. रात्रभर त्याने स्वतःला जे सुनावलं, ते तिने सुनावल्याहून जास्त होतं. सकाळी जाऊ नये असंच त्याने ठरवलं. पण न जाणं म्हणजे पुन्हा तिला न विचारता ठरवणंच झालं, असं वाटून तो निघाला आणि अड्ड्यापासून दहा पावलांवर, उन्हातच, उभा राहिला.

“सर, सावलीत या की!” काकू ओरडल्या.

“त्यांना उन्हाची फार हौस आहे,” पूजा म्हणाली.

सहादेव खळगा बघून आले. टिटवी अंड्यांवर होती. पिल्लं निघतील की नाही, हे आता कुणीच सांगू शकत नव्हतं.

“बघितलं. खळग्यातच हायेत. आज अमृतला फोन लावतो.”

“लावू नका, आबा.”

“काय?”

“शेवंती लावायची.” पूजाचा आवाज कापत होता, पण खाली येत नव्हता. “सगळं रान नाही. अर्धा एकर. विहिरीत तेवढ्याला पुरेल इतकं पाणी आहे, ठिबक आहे, रोपं मी तयार केलीत. पाऊस आला तर बरं, नाही आला तर माझं मी बघेन. मला चाकणला जायचं नाही. तुम्ही एकदाही विचारलं नाही, म्हणून आज न विचारता सांगते.”

“मानसांम्होरं बापाला बोलतीस?”

“घरात बोलले असते तर तुम्ही उठून गेला असता!”

श्रीमंतराव घसा खाकरू लागले. काकूंनी त्यांचा दंड धरून त्यांना गप्प केलं. सहादेवांचा चेहरा लाल झाला. त्यांनी विहिरीकडे पाहिलं, ट्रेंकडे पाहिलं, टोपी काढून झटकली, परत घातली.

“अर्धा एकर,” ते तणतणले. “वर एक वाफाबी न्हाई. आन् करपली तर माझ्याम्होरं रडायचं न्हाई!”

आणि पाय आपटत गेले.

पूजाने श्वास सोडला. मग तिची नजर उन्हात उभ्या असलेल्या शौनककडे गेली. ती तरातरा त्याच्यापाशी आली.

“तुम्ही का आलात?”

“विचारायला. म्हणजे… तुम्हाला जायचं नाही हे आता कळलं. पण पुढे कधी जावंसं वाटलं, तर… मी अडवणार नाही. स्टँडवर सोडायला येईन.”

“सोडायला?” तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं, रागाचं. “बॅग उचलणार का माझी? तिकीट काढून देणार? एवढंच आहे तुमच्या मनात?”

“नाही!”

हा आवाज शौनकचा होता. माळावर इतक्या मोठ्याने तो कधी बोलला नव्हता, वर्गातही नव्हता.

“नाही! मला नकोय तुम्ही गेलेलं! चाकणला नाही, कुठेच नाही! रोज सकाळी मी फिरायला येत नाही, तुमच्यासाठी येतो. ती जास्वंद केव्हाच बरी झालीय! आणि तुम्ही मला सर म्हणू नका, मला राग येतो त्याचा!”

लिंबाखाली काकूंच्या हातातला चहा श्रीमंतरावांच्या पायावर सांडला. श्रीमंतराव ओरडलेसुद्धा नाहीत.

“हे असं सरळ बोलायला काय झालं होतं?” पूजा दबक्या आवाजात फणकारली. “त्या बिचारीला कशाला मधे घातलंत?”

“चुकलं माझं.”

“चुकलंच. मी अजून रागावलेलीच आहे.”

“माहीत आहे.”

“उद्या लागवड आहे. सहाला या. ओणवं राहून पाठ मोडेल, सांगून ठेवते.”

“येतो. किती दिवस यायचं?”

“लागवड झाली की खुरपणी असते. मग शेंडे खुडायचे. मग दसऱ्याची तोडणी, दिवाळीची तोडणी…” तिने नाकावरचा घाम मनगटाने पुसला. “तोपर्यंत माझा राग गेला, तर बघू.”

“आणि नाही गेला तर?”

पूजाने रोपांचा ट्रे उचलून त्याच्या हातात दिला. देताना तिची बोटं त्याच्या बोटांवर जरा जास्तच वेळ राहिली.

“तर पुढच्या वर्षी एक एकर लावू,” ती म्हणाली. “नीट धर, शौनक. सांडशील.”