देवरामचे पॉइंट

चूक प्रोग्रामची होती, हे आधीच सांगतो. नाहीतर आमच्याकडे कोणीही उठतो आणि देवदेवस्की काढतो.

मी, साईनाथ, माजिवड्याला एका कंपनीत आकडेवारीचं काम करतो. सुट्टीत फॅन्टसी ॲपवर डोकं चालवतो; हल्ली त्यावर गावच्या मॅचही असतात. मॅचआधी अकरा खेळाडू निवडायचे, ते मैदानात जे करतील त्याचे पॉइंट आपल्याला. लोक लाडकी नावं भरतात आणि आपटतात. मी शीळफाट्याकडच्या आमच्या गावच्या टेनिस क्रिकेटचे जुने स्कोअर गोळा केले, प्रोग्राम लिहिला आणि निवड त्याच्यावर सोडली.

आमच्याकडे प्रत्येक स्पर्धा कोणा ना कोणा गेलेल्या खेळाडूच्या नावाने असते. 'कै. देवराम स्मृती चषक'. गाढव प्रोग्रामने चषकाचं नाव खेळाडू समजून उचललं आणि टीममध्ये टाकलं. मी हसलो. गंमत म्हणून ॲपवर तेच नाव भरलं. ॲपने घेतलं.

संध्याकाळी देवरामला पॉइंट मिळालेले. रनआउटचे. माझी टीम पहिली आली.

कोणीतरी चुकीचं भरतंय म्हणून पुढच्या रविवारी मी मैदानावर गेलो. रस्त्यावरच्या कंटेनर ट्रकची धूळ, भोंग्यावर कॉमेंट्री, वडापावचा वास. पाहुण्या टीमच्या पोराने बॉल मैदानाच्या पाण्याच्या पाइपलाइनकडच्या कोपऱ्यात मारला. तिथे फिल्डरच नव्हता. पोरगा आरामात दुसऱ्या धावेला निघाला. कोपऱ्यातून बॉल सपाट आला आणि स्टंप उडाले. अंपायरने बोट वर केलं. टाळी कोणीच वाजवली नाही.

"फेकला कोणी?" मी विचारलं.

शिवरामकाका स्कोअर लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "लय शिकलास ना? मग गप बघ."

माझा धाकटा भाऊ संदेश आमच्या टीममध्ये खेळतो. मॅच संपल्यावर त्याने मला बाजूला ओढलं. "दादा, ती देवरामची जागा. त्या कोपऱ्यात आपण कोणाला उभं करत नाही. तू आपलं ग्राउंड तुझ्या कॉम्प्युटरमधून काढ."

"का?"

"काढ म्हणतो ना!"

माझं टाळकंच सटकलं. मेलेल्याला खेळवतात आणि अक्कल मला शिकवतात! घरी आलो आणि प्रोग्राममधून देवराम पुसून टाकला.

त्याच्या जागी संदेशचं नाव आलं. येऊ दे, चांगला बॅट्समन आहे. पण अंदाज बॅटिंगचा नव्हता, रनआउटचा होता. संदेशचा खांदा लहानपणी निखळलेला. लांबून थ्रो त्याला कधीच जमला नाही, म्हणून तो कायम विकेटजवळच उभा राहायचा. मूर्ख प्रोग्राम, म्हणालो आणि झोपलो.

पुढच्या मॅचला पुन्हा बॉल त्या कोपऱ्यात गेला. आणि तिथेच पडून राहिला.

बॅट्समन पळायचे थांबले. भोंगा गप्प झाला. आमची अख्खी टीम वळून माझ्याकडे बघायला लागली, दात-ओठ खात.

"काढलास त्याला?" शिवरामकाकांनी विचारलं.

मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

संदेश कोपऱ्याकडे चालायला लागला.

"संद्या, थांब! मी टाकतो परत नाव!"

मोबाईल काढला. देवराम टाकलं. ॲप म्हणालं, असा खेळाडू नाही. पुन्हा टाकलं. नाही.

संदेशने वळून पाहिलंही नाही. वाकला, बॉल उचलला आणि त्याच अधू खांद्याच्या हाताने फेकला.

स्टंप उडाले.

संध्याकाळी तो घरी आला, नेहमीसारखा जेवला. खांदा दुखतोय का विचारलं, तर नाही म्हणाला. मला हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिवरामकाका दारात आले. आत या म्हटलं तरी आले नाहीत.

"वहिनी," ते आईला म्हणाले, "संदेशचा एक चांगला फोटो द्या. बॅनरला पाहिजे. स्मृती चषकाच्या."

"काय बोलता भावजी!" आई ओरडली.

मी काकांची कॉलर धरली. "डोळे फुटले का? तो समोर बसलाय! जिवंत आहे!"

काका त्याच्याकडे बघतच नव्हते.

संदेश उठून माझ्याजवळ आला. हळूच माझा हात सोडवला.

"आई," तो म्हणाला, "तो निळ्या टी-शर्टमधला दे. त्यात मी हसतोय."