न आखलेली रेघ

भिंत रंगली तर सगळ्यांचाच फायदा होता. सुरतच्या बालसुधारगृहाचे अधीक्षक भूपेंद्रभाई यांना मोठ्या साहेबांसोबत फोटो, मला पुढच्या वर्षाचं काम आणि अक्षयला घर. "भिंत पूरी कर, बेटा. बाल न्याय मंडळाकडे असा रिपोर्ट लिहितो, आई येऊन घेऊन जाईल," भूपेंद्रभाईंनी त्याला सांगितलं होतं. फुकटात रंगारी मिळवण्याचं कसब त्यांचंच.

अक्षय सुरतजवळच्या कोसाडचा. पकडला जाईपर्यंत सचिन औद्योगिक वसाहतीत साडीछपाईच्या कारखान्यात होता. मी शिकवलेली चित्रकला त्याला बायकी वाटे. त्याने साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून एका मुलाच्या चेहऱ्याचा साचा केला आणि सारख्या अंतराने भिंतीवर छापत निघाला.

"शेवट कुठे करणार?" मी विचारलं.

"शेवट कसला, बेन? कापड येतच राहतं."

रांग जिथे थांबायची ती शेवटची रेघ त्याने आखलीच नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच्या कामापुढे एक चेहरा जास्त होता.

"रंग चोरतोस?" भूपेंद्रभाई ओरडले. "रिपोर्ट फाडून टाकीन!"

"आईशप्पथ, मी नाही!" अक्षय रडकुंडीला आला.

मी सगळ्यांसमोर साचा जाळला आणि रंगाचे डबे माझ्या घरी नेले.

सकाळी आणखी एक. या चेहऱ्याच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब होते. पुठ्ठ्याच्या साच्यातून घाम छापता येत नाही. मी बोट लावलं. भिंत कोमट होती.

भूपेंद्रभाईंना तो आवडला. "वाह शर्वरीबेन, एकदम जिवंत!"

मग रोज एक. प्रत्येकाचे डोळे फाटकाकडे थोडे अधिक वळलेले. अक्षय भिंतीकडे पाठ करून जेवू लागला.

अक्षयच्या सुटकेच्या सकाळी चेहऱ्यांची रांग फाटकापाशी पोचली होती, पुढे भिंत नव्हती. मी वितीने अंतर मोजलं. पुढचा चेहरा उघड्या फाटकाच्या मधोमध, हवेत येत होता.

बाहेर त्याची आई लीलाताई उभ्या होत्या. अक्षय धावला.

"तिथं थांबू नकोस!" मी ओरडले.

तो नेमका फाटकाच्या मधोमध थांबला. आईच्या पाया पडायला वाकला.

उठला तेव्हा ओठावर घाम होता.

लीलाताई बघत राहिल्या. पदराने त्याचा ओठ पुसला. पदराला रंग लागला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. समोर जो कुणी होता त्याला घेऊन परत जायची त्यांची तयारी होती. रिकाम्या हाताने नव्हती.

"चाल पोरा," त्या हळूच म्हणाल्या, "घर चाल."

तो आज्ञाधारकपणे निघाला. अक्षय कधी कुणाच्या मागे असा चालला नव्हता.

शिपायाने फाटक लावलं. फाटकाच्या आतल्या पत्र्यावर, रंगात, खरा अक्षय होता. तोंड अर्धवट उघडं, हाक मारायच्या बेतात.

भूपेंद्रभाईंचा फोटो छापून आला. माझं काम पक्कं झालं. लीलाताईंना मुलगा मिळाला. किंमत भरली ती अक्षयने, आणि अजून भरतोय: पत्र्यावरचा बाकी रंग केव्हाच वाळला, डोळ्यांखालचा तेवढा रोज सकाळी ओला असतो.