गालावरचा निळा डाग

पुंडलिकराव मानकर सापडले तेव्हा चेंडू त्यांच्या मानेला टेकून पडला होता.

पोरं चेंडू शोधायलाच बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीमागे धावत आली होती. बबलू राठोडने मारलेला षटकार याच बाजूला गेला होता. आता तिथे त्यांचे क्रिकेटचे सर बेशुद्ध पडले होते. उजवा गाल सुजलेला, त्यावर चेंडूच्या शिवणीचा ठसा. खाली पडताना डोकं दगडावर आपटलेलं.

घाटंजीच्या फौजदार मैत्रेयी खोब्रागडे आल्या तोवर सरांना यवतमाळला हलवलं होतं. त्यांनी चेंडू उचलून पाहिला. झिजलेला, चकाकी गेलेला. शिवणीत चुन्याचे कण. तो त्यांनी पिशवीत घातला.

“अपघात हाये, मॅडम,” सगळी पोरं म्हणाली.

२००६चा नोव्हेंबर होता. येत्या रविवारी विदर्भाच्या संघासाठी नागपूरला निवड होती. घाटंजीतून एकच नाव गेलं होतं, बबलूचं.

दुसऱ्या दिवशी मैत्रेयी बबलूच्या तांड्यावर गेल्या. बबलू भिंतीला टेकून बसला होता. कालपासून त्याने घास घेतला नव्हता.

“तुझाच बॉल लागला, हे कशावरून?”

“मीच मारलता ना. नवा बॉल होता, दुसरीच ओव्हर. बॅटीवर मस्त बसला.” त्याने हात मांडीखाली दडवले. “आता नाई खेळत मी. नागपूरले बी नाई जात.”

“सर भिंतीमागे कशाला गेलते?”

“नाई माहीत. त्या भिंतीवर बॉल मारू मारूच शिकलो आमी, मी अन् अतुल. अतुल तं अजून बी रोज मारते.”

अतुल म्हणजे सरांचा मुलगा, संघाचा विकेटकीपर. मैत्रेयी यवतमाळच्या दवाखान्यात पोचल्या तेव्हा तो सरांच्या खोलीबाहेर बाकावर बसलेला होता.

“तू काल कुठे होतास?”

“पहिल्याच बॉलले आउट झालतो. हापशीवर पाणी प्यायले गेलो.”

“तुझ्या बाबांनी बबलूचं नाव पाठवलं. वाईट नाही वाटलं?”

“तो चांगला खेळते.” अतुल फरशीकडे बघत राहिला. मग म्हणाला, “आमच्या घरी जेवतानी बी बबलूच असते, मॅडम. तो आलेला नसला तरी.”

आत डॉक्टर कौसल्या इंगळे यांनी सरांच्या गालावरची पट्टी सैल केली.

“जोरात आलेला चेंडू कातडीवर आदळून लगेच उडतो,” त्या म्हणाल्या. “मधलं रक्त कडेला ढकललं जातं. डाग बांगडीसारखा उमटतो, मधोमध फिकट. हा बघा. मधोमधही निळा, पूर्ण भरलेला आहे.”

“पण शिवणीचा ठसा?”

“मार चेंडूचाच आहे. मात्र तो लांबून उडत आलेला नाही. पुढचं तुम्ही बघा.”

मैत्रेयी थेट मैदानावर परतल्या. भिंतीपलीकडच्या पऱ्हाटीत शेतमजूर सुखीबाई कापूस वेचत होती. तिने ओटीतून लालभडक, कोरा करकरीत चेंडू काढून दिला.

“काल माह्या ओळीत येऊन पडला. पोरं आली नाईत मांगाले.”

“त्याच्या आधी काही ऐकलंस?”

“भिंतीवर कोणतरी बॉल मारून राह्यलं होतं. धप्, धप्. मंग ते थांबलं. दोन माणसं भांडल्यासारखी वाटली. मंग गप झालं अन् मंगच हा बॉल पऱ्हाटीत पडला.”

दुपारी दवाखान्यातून फोन आला. सर शुद्धीवर आले होते. मैत्रेयींनी पुन्हा यवतमाळला जाऊन जबाब घेतला. सर सुजलेल्या तोंडाने एकेक शब्द बोलले.

“बबलूचा बॉल लागला. दुसरं कोणी नव्हतं तिथी.”

त्या बाहेर आल्या आणि अतुलच्या शेजारी बसल्या.

“बबलूने नवा बॉल मारला. तो पऱ्हाटीत सापडला. तुझ्या बाबांजवळ होता तो जुना. म्हणजे बॉल दोन होते. हाडावर आदळलेला बॉल दूर उडून जातो, हा मानेजवळ ठेवल्यासारखा होता. गालावरचा डाग सांगतो की मार जवळून बसला, बॉल हातात धरून. आणि त्या बॉलच्या शिवणीत भिंतीचा चुना आहे. भिंतीवर रोज बॉल तू मारतोस. आउट झाल्यावर तू हापशीवर नाही, तिथे गेलास. बाबा समजवायला मागून आले. भांडण झालं आणि तू मारलंस. तेवढ्यात पलीकडे षटकाराचा गलका झाला. पोरं इकडेच येणार हे तुला कळलं. तू बॉल बाबांच्या मानेजवळ ठेवलास आणि निघून गेलास.”

“बाबाईलेच इचारा ना,” अतुल म्हणाला.

“विचारलं. ते म्हणाले, बबलूचा बॉल लागला.”

अतुलने मान वर केली. “बबलूचं नाव घेतलं त्याईनं?”

“हो. तुला वाचवायला.”

 

“ते म्हणे, बबलूत जे हाये ते तुह्यात नाई,” तो म्हणाला. “लहानपणापासून तेच ऐकून राह्यलो. बॉल हातातच होता. मारल्यावर पाह्यलं, तं ते उठतच नोयते. बबलूच्या नावानं गलका झाला अन् मले वाटलं, जाऊ दे हे त्याच्यावरच.” त्याने डोळे पुसले. “आता त्याईनं माह्यासाठी त्याले बुडवलं. हेच पाहिजे होतं ना मले? मंग असं काहून वाटून राह्यलं, मॅडम?”

मैत्रेयींनी हवालदाराला जीप काढायला सांगितली.

“तो बबलू जेवला का?” अतुलने विचारलं.

“नाही.”

“ठाण्यात नेतानी तांड्यावर थांबा. मीच सांगतो त्याले.”

जीप तांड्यावर थांबली तेव्हा दिवस मावळत होता. बबलू दारात आला. अतुल दोन हवालदारांच्या मधे उभा राहून सगळं बोलला, एक शब्द न गाळता. बबलूची मूठ वळली, पुन्हा सुटली.

“सर कसे हायेत?” त्याने विचारलं.

अतुलला सांगता येईना. दिवसभर दाराबाहेर बसूनही तो बापाच्या खाटेपर्यंत गेलाच नव्हता.